ओट्यावरचा उजेड: स्वयंपाकघराचे दिवे ठरवण्याआधी

रात्री आठच्या सुमारास स्वयंपाकघरातले आहेत तेवढे सगळे दिवे लावा. ओट्यावर तुम्ही एरवी भाजी चिरता त्या जागी एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि नेहमीसारखे ओट्याला टेकून उभे राहा. कागदावर डोक्याखांद्यांची सावली पडली का? बहुतेक घरांत पडते. दिवा खोलीच्या मधोमध, म्हणजे तुमच्या पाठीमागे असतो, आणि काम तुमच्या पुढ्यात. मग तिथे कितीही वॉटचा दिवा लावा, सावली तेवढी आणखी ठळक होते.

हे मी पैसे मोजून शिकले. कोथरूडच्या जुन्या फ्लॅटचं आठ बाय दहाचं स्वयंपाकघर आम्ही नवं केलं तेव्हा काम घेणाऱ्याने पीओपीचं छत करून त्यात तीन-तीनच्या दोन रांगांत सहा गोल दिवे बसवले. फोटोत झकास दिसायचे. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, सहा दिवे लावलेस आणि मला मिरचीचा देठ दिसेना." त्याआधी तिथे एकच ट्यूब होती, ओट्याच्याच भिंतीवर, खिडकीच्या वर. ती कुणी फार विचार करून लावली असेल असं नाही, पण उजेड समोरून यायचा आणि त्यांना त्यात डाळ-तांदूळ निवडता यायचे. सहा दिवे लावून आम्ही ते घालवून बसलो होतो.

म्हणून या लेखात दिव्यांच्या प्रकारांपेक्षा दिव्यांच्या जागांबद्दल जास्त आहे. दिवा नंतर बदलता येतो. भिंतीतून निघालेली वायर टाइल लागल्यावर हलत नाही.

आधी कागदावर मांडा

चौकटीच्या वहीचं एक पान घ्या, एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरा आणि स्वयंपाकघर वरून दिसेल तसं काढा. ओटा, गॅस, सिंक, खिडकी, दार, फ्रीज, वरची कपाटं, माळा, असेल तर देवघर. मग त्यात कोण कुठे उभं राहतं किंवा बसतं ते लिहा. हे पान आर्किटेक्टला सुचत नाही, कारण तुमच्या घरात कणीक कुठे मळली जाते हे त्याला माहीत नसतं.

चिरणं, निवडणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं, मिक्सर लावणं, भांडी घासणं आणि गॅसवर लक्ष ठेवणं ही ठळक कामं. शिवाय तुमच्या घरातली खास कामं असतील. आमच्याकडे सासूबाई अजून विळी घेऊन खाली बसतात. नारळ खवणं, पालेभाजी निवडणं जमिनीवरच. वरच्या कपाटांखाली कितीही सुंदर पट्टी लावली तरी तिचा उजेड ओट्यावर संपतो आणि ओट्याच्या पुढ्यात फरशीवर अंधार राहतो. विळीच्या पात्यावर अंधार असणं बरं नव्हे. घरात कुणी खाली बसून काम करत असेल, तर त्या जागेवर फुली मारून ठेवा. ती पुढे लागेल.

दिवसाउजेडी खिडकीतून उजेड कुठवर येतो तेही पाहून घ्या. सिंक खिडकीखाली असेल तर दिवसा उत्तम. रात्री मात्र तीच खिडकी काळी होते, उजेड गिळते, आणि भांडी घासणाऱ्याच्या पाठीमागे दिवा असल्याने सिंकमध्ये सगळ्यांत दाट सावली पडते. पातेल्याला चिकटलेलं दूध सकाळी दिसतं.

ओटा: इथे पैसे घाला

वरची कपाटं असतील तर उत्तर सोपं आहे: कपाटांच्या खाली, ओट्याच्या लांबीभर, सलग दिवा. आपल्याकडे ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच आणि २४ इंच खोल असतो. वरची कपाटं ओट्यापासून १८ ते २४ इंचांवर सुरू होतात आणि १२ ते १४ इंच खोल असतात. म्हणजे कपाटाच्या तळापासून हातापर्यंत जेमतेम दीड-दोन फूट. छतापासून हेच अंतर सहा फुटांच्या आसपास जातं. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. लांब पट्टीला हा हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, तरी दहा वॉटची खालची पट्टी छतातल्या मोठ्या दिव्याला का हरवते हे त्यावरून कळतं. शिवाय ती तुमच्या डोक्याच्या पुढे असते, त्यामुळे सावली मागे पडते.

पट्टी कपाटाच्या तळाला नेमकी कुठे लावायची? सुतार आणि वायरमन दोघेही भिंतीला चिकटवून मोकळे होतात, कारण वायर तिथूनच निघते. तसं केलं की टाइल्स उजळतात आणि ओट्याची पुढची कड, जिथे आपण खरं काम करतो, अर्धवट राहते. वर काळा पॉलिश ग्रॅनाइट असेल तर त्यात पट्टीचा प्रत्येक ठिपका आरशासारखा दिसतो. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेजवळ, तोंड किंचित भिंतीकडे करून लावा. समोर दीड इंचाची लाकडी पट्टी खाली उतरवून घ्या, म्हणजे डायनिंग टेबलावर बसलेल्याच्या डोळ्यांत दिवा जाणार नाही. ही पट्टी कपाटं बनतानाच सांगायची असते. नंतर लावली तर रंग जुळत नाही, हा माझा अनुभव.

यासाठी बाजारात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे टी-फाइव्हची तयार एलईडी ट्यूब: एक, दोन किंवा चार फुटांची, थेट घरच्या विजेवर चालणारी, एकाला एक जोडता येणारी. दुसरी एलईडी स्ट्रिप, म्हणजे रिळातून कापून मिळणारी चिकटपट्टी. ती १२ किंवा २४ व्होल्टवर चालते आणि तिला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज तेवढ्या कमी व्होल्टवर आणून देणारी डबी, लागतो. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी टी-फाइव्ह सुचवते. बिघडली तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तेवढाच तुकडा आणून कुणीही बदलू शकतं. स्ट्रिप जास्त सुबक दिसते, पण तिचे नखरे आहेत. नुसती लाकडाला चिकटवली तर उष्णता जायला वाट राहत नाही आणि ती वर्ष-दोन वर्षांत मंदावते किंवा तुकड्यातुकड्यांनी विझते. म्हणून ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे लांबट खोबणीत, वर दुधी झाकण लावूनच बसवायची. दुधी झाकणामुळे थोडा उजेड जातो, पण ग्रॅनाइटमधले ठिपके जातात आणि तेलाचा थर पुसता येतो. १२ व्होल्टची स्ट्रिप पाच मीटरहून लांब एकाच टोकाने जोडली तर दुसऱ्या टोकाला फिकी दिसते. लांब किंवा एल आकाराच्या ओट्याला २४ व्होल्टची घ्या, नाहीतर दोन्ही बाजूंनी वीज द्या.

ड्रायव्हर निवडताना सरळ गुणाकार करा. स्ट्रिप मीटरला १० वॉटची आणि लांबी अडीच मीटर असेल तर झाले २५ वॉट. त्यावर पाचवा हिस्सा जास्त धरून ३० वॉटच्या पुढचा ड्रायव्हर घ्यायचा. तो कपाटाच्या वर, हवा लागेल आणि हात पोचेल असा ठेवायचा. स्ट्रिपच्या आधी बहुतेक वेळा ड्रायव्हरच जातो. तो पीओपीच्या आत बंद करून टाकला असेल तर दोनशे-तीनशे रुपयांच्या डबीसाठी छत फोडावं लागतं.

गॅसच्या बरोबर वर पट्टी नको. तिथे वाफ, फोडणीचा धूर आणि उष्णता असते. बहुतेक चिमण्यांना स्वतःचे दोन छोटे दिवे असतात, तेवढे पुरतात. ते गेले असतील तर आधी ते बदला. अर्ध्याअधिक घरांत चिमणीचा दिवा कधीचा गेलेला असतो आणि कुणाच्या ध्यानातही नसतो.

वरची कपाटंच नसतील तर? तर जुना मार्ग चांगला: ओट्याच्याच भिंतीवर, साडेसहा-सात फुटांवर आडवी ट्यूब. ती उघडी डोळ्यांसमोर येते, म्हणून दुधी कव्हर असलेली घ्या. भिंतीत खिडकी असेल तर खिडकीच्या वर. छतातूनच उजेड घ्यायचा हट्ट असेल, तर दिवे खोलीच्या मध्याऐवजी ओट्याच्या बरोबर वर, भिंतीपासून दीड फुटावर घ्या. ३६ अंशांच्या झोताचा स्पॉटलाइट नऊ फुटी छतातून ओट्यावर जवळपास चार फुटांचं वर्तुळ पाडतो. आठ फुटी ओट्याला असे तीन हवेत, नाहीतर मधल्या जागा अंधाऱ्या राहतात.

खोलीचा उजेड

यावर फार वेळ घालवायला नको. ओटा उजळला की खोलीला फक्त वावरण्यापुरता, कपाटात डोकावण्यापुरता उजेड लागतो. लहान स्वयंपाकघरात मध्यभागी एक २० वॉटची चार फुटी एलईडी ट्यूब किंवा दोन मोठे चपटे पॅनेल पुरतात. पसरट दिवा घ्यावा, टोकदार झोताचा नको. टोकदार झोतामुळे फरशीवर उजेडाची नाणी पडतात आणि कपाटाच्या आत काही दिसत नाही. जमिनीवरच्या विळीची फुली आठवते ना? या दिव्याची जागा ठरवताना ती बघा. आम्ही आमचं पॅनेल नकाशातल्या मध्यापासून फूटभर ओट्याकडे सरकवलं.

छताला पंखा असेल तर दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येता कामा नये. पाती फिरली की सगळी खोली लुकलुकते आणि सुरी हातात असताना ते फार त्रासदायक होतं.

पीओपी हवंच का, हा प्रश्न मला खूपदा विचारतात. नऊ फुटी छतातून सहा इंच पीओपीत गेले की खोली ठेंगणी वाटते, वर तेलकट धूर त्या खाचांत बसतो. फॅशन म्हणून करायचं तर करा. उजेडासाठी त्याची गरज नाही. पृष्ठभागावर लागणारी पॅनेल्स मिळतात.

किती उजेड? सोपा हिशोब

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन द्यायचा. आताचा ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० देतो. २० वॉटची चांगली एलईडी ट्यूब २००० ल्युमेनच्या आसपास. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन पडला की तो झाला एक लक्स.

खोलीत वावरायला १५० ते २०० लक्स आणि ओट्यावर ३०० ते ५०० लक्स धरा. आता आमच्या आठ बाय दहाचा हिशोब. ८० चौरस फूट म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर. त्याला २०० ने गुणलं की जवळपास १५०० ल्युमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामाच्या जागी पोचत नाही; भिंती, कपाटं, तेलाचा थर बराच खातात. निम्मा वाया जातो असं धरा, म्हणजे ३००० ल्युमेन. त्यातला मोठा वाटा ओट्याच्या पट्टीतूनही टाइलवरून परतून खोलीत येतो, म्हणून एक २० वॉटची ट्यूब आणि ओट्याची पट्टी एवढ्यात भागतं.

ओटा आठ फूट बाय दोन फूट, म्हणजे दीड चौरस मीटर. ४०० लक्ससाठी ६०० ल्युमेन, नुकसान धरून हजार-बाराशे. दोन फुटांच्या १० वॉटच्या दोन टी-फाइव्ह ट्यूबमध्ये हे सहज येतं, थोडं उरतंही. आता ८० वॉटच्या झगमगाटाची काय गरज, हा प्रश्न मी त्या सहा दिव्यांच्या वेळी विचारायला हवा होता.

यात दोन दुरुस्त्या. भिंती-कपाटं गडद असतील तर हिशोब वाढवा. गडद राखाडी ट्रॉल्या आणि काळा ग्रॅनाइट असलेलं स्वयंपाकघर पांढऱ्या टाइलच्या स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी जास्त उजेड मागतं. आणि घरात साठीपुढचं कुणी स्वयंपाक करत असेल, तर ओट्याचा आकडा ५०० च्या बाजूला न्या. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान राहते; साठीतल्या डोळ्याला विशीतल्या डोळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर उघड्या दिव्याची तिरीप जास्त खुपते. म्हणजे उजेड वाढवायचा, पण दिवा दिसू द्यायचा नाही.

मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप्स आहेत. आकडा अगदी खरा धरू नका. या कोपऱ्यात आणि त्या कोपऱ्यात फरक किती, एवढं बघायला ती छान आहेत.

उजेडाचा रंग आणि बेसनाचा रंग

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे दुपारच्या उजेडाजवळ जाणारा मऊ पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. महाराष्ट्रातल्या दुकानात काही न बोलता एलईडी मागितला तर ६५०० वालाच हातात पडतो. ट्यूबलाइटच्या काळापासून "पांढरा म्हणजे जास्त उजेड" हे आपल्या मनात बसलं आहे. स्वयंपाकासाठी मला ४००० आवडतो. निळसर उजेडात वरण फिकं दिसतं, पोळीवरचे डाग राखाडी वाटतात. दुसऱ्या टोकाला ३००० मध्ये सगळंच खमंग दिसतं आणि तिथेच फसायला होतं. लाडवाचं बेसन भाजताना पिवळ्या दिव्याखाली ते झालेलं वाटतं, गॅस बंद होतो आणि सकाळी बघावं तर कच्चं. नाकावर भरवसा ठेवणाऱ्यांचं ठीक आहे. नवशिक्यांनी रंगावर अवलंबून राहायचं तर दिवा खोटं बोलणारा नको.

याचीच दुसरी बाजू म्हणजे सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा हा शंभरपैकी गुण. ८० हा कामचलाऊ, ९० च्या पुढे चांगला. कमी गुणांचे दिवे सहसा लाल रंगात मार खातात: टोमॅटो, लाल तिखट, मटण, सोललेली कोलंबी. शिळं-ताजं ओळखायचं असतं ते याच रंगांवरून. म्हणून खोलीच्या दिव्याला ८० चालवून घ्या, ओट्याच्या पट्टीला ९० मागा. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणाला तर दुसरं दुकान बघा किंवा ऑनलाइन मागवा.

एक चूक टाळा: ओट्यावर ४००० आणि छताला ६५०० असं मिसळू नका. एकाच कोथिंबिरीच्या जुडीचे दोन रंग दिसतात आणि का कोण जाणे, खोली अस्वच्छ वाटते. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एकच मोकळी जागा असेल तर बाहेर ३०००, ओट्यावर ४००० एवढा फरक खपून जातो. देवघराला मात्र पिवळाच हवा. समईच्या शेजारी पांढरा दिवा ओशाळवाणा दिसतो.

पावसाळ्याची एक गोष्ट. उघड्या खिडकीशी निळसर पांढरा दिवा लावला की किडे, चिलटं त्यावर झेपावतात, पिवळसर दिव्यावर कमी येतात. आणि ट्यूबशी किडे जमले की पाल आलीच. कोकणात, शेताकडेच्या घरांत किंवा तळमजल्यावर राहत असाल तर उघड्या पातेल्याच्या बरोबर वर कुठलाच दिवा ठेवू नका. कारण सांगायला नको.

खोका वाचायला शिका

वॉट, ल्युमेन, केल्विन, सीआरआय हे चार आकडे बघायचे. ल्युमेन भागिले वॉट शंभरच्या आसपास आलं की ठीक. एलईडी बल्बवर भारतीय मानकाचा आयएस १६१०२ हा क्रमांक आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी छापलेली असते, शिवाय बीईईचं (ऊर्जा दक्षता ब्यूरोचं) ताऱ्यांचं लेबल. ज्या खोक्यावर यातलं काहीच नाही, तो फुकट मिळाला तरी ओट्यावर नको. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या, स्वस्तात एलईडी देणाऱ्या सरकारी उजाला योजनेनंतर एलईडी बल्ब इतके स्वस्त झाले की आता पन्नास रुपये वाचवायला बिनछापाचा माल घेण्यात अर्थ उरलेला नाही.

"२५,००० तास" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी दिवा विझतो असा नाही, त्याचा उजेड सत्तर टक्क्यांवर येतो असा साधारण धरतात. रोज पाच तास धरले तर तेराहून जास्त वर्षं होतात. स्वयंपाकघरातल्या उष्णतेत एवढं टिकत नाही, पण वॉरंटीचा शिक्का मारून घ्या आणि पावतीचा फोटो काढा. साधी पावती वर्षभरात पुसून कोरी होते.

दुकानातच करायची एक परीक्षा: दिवा लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून त्याच्याकडे धरा. पडद्यावर दिवा धडधडताना दिसला तर ड्रायव्हर स्वस्तातला आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला थेट कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं.

सिंकच्या जवळच्या दिव्यावर आयपीचा आकडा बघा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, आयपी ४४ शिंतोडे झेलतो, आयपी ६५ पाण्याचा फवाराही. नळापासून हातभर अंतरात ६५ घ्या.

टाइलच्या आधी वायर

क्रम चुकला की बाकी सगळं फुकट. आधी ओटा आणि कपाटांचं माप पक्कं, मग वायरिंग, मग टाइल्स, मग कपाटं, शेवटी दिवे. आपल्याकडे टाइलवाला आधी येतो आणि सुतार नंतर म्हणतो, "पॉइंट तर कपाटाच्या मागे गेला." ओट्याच्या पट्टीची वायर भिंतीतून कपाटाच्या तळाशी निघायला हवी. ओटा ३४ इंच आणि वर २० इंच मोकळे, तर जमिनीपासून ५४ इंचांवर. फरशी अजून लागायची असेल तर तिची जाडी धरा. तीन फूट वायर गुंडाळून बाहेर ठेवायला सांगा. भिंत बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी लावून, फोटो काढा. पुढे कुणी खिळा ठोकायला आला की हे फोटो कामाला येतात.

वायरमन पॉइंटाप्रमाणे पैसे घेतो, म्हणून आधीच मोजून ठेवा. मी सांगेन: ओट्याची पट्टी, खोलीचा दिवा, सिंकचा दिवा, देवघर, आणि रात्रीचा मंद दिवा, असे पाच. प्रत्येकाचं बटण वेगळं. ओट्याचं बटण दारापाशी नको, ओट्याच्या टोकाशी हवं, पण नळापासून लांब. कणकेच्या हातांनी बटण दाबायचा कंटाळा असेल तर हात हलवला की लागणारा सेन्सर प्रोफाइलमध्ये बसवून मिळतो. मला तो फार आवडला. सासूबाईंना वाटतं दिवा आपोआप लागतो म्हणजे काहीतरी बिघडलंय.

दिव्यांच्या वायरिंगला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेहमीची. दिव्यांची एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण) वेगळी, सहा किंवा दहा अँपिअरची, आणि मिक्सर-ओव्हनच्या सॉकेटच्या लाइनवरून दिवे काढायचे नाहीत. मिक्सर अडकून एमसीबी पडली तर उकळत्या तेलासमोर अंधार नको. ओल्या हातांची खोली असल्याने ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की शॉकपासून वाचवायला पुरवठा तोडणारं बटण) घरात आहे ना, हे विचाराच. ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमधली स्ट्रिप कमी व्होल्टची असली तरी तिचा ड्रायव्हर २३० व्होल्टवरच असतो. हे सगळं परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. तुमचं काम जागा दाखवण्याचं आणि प्रश्न विचारण्याचं.

इन्व्हर्टर असेल तर ओट्याची पट्टी त्यावर घ्या, छताचा दिवा नाही घेतला तरी चालेल. रात्रीच्या दिव्याबद्दल एक गंमत: जुना "झीरोचा बल्ब" नावाला झीरो होता, प्रत्यक्षात बारा-पंधरा वॉट खायचा. आताचा अर्ध्या वॉटचा एलईडी रात्रभर पाण्याच्या माठाशी लावून ठेवला तरी बिलात कळत नाही.

तेल

आपल्या स्वयंपाकात फोडणी आहे, तळण आहे, म्हणून दिव्यावर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. सहा महिन्यांत उजेड बघता बघता कमी होतो, आणि रोज बघत असल्याने कळत नाही. कोरीव काचेचे, जाळीचे, दोरीला लोंबणारे वेताचे दिवे दुकानात मोहात पाडतात. ते जेवणाच्या टेबलावर लावा, गॅसच्या आसपास नाही. सपाट, गुळगुळीत, एका फडक्यात पुसला जाणारा दिवा घ्या. बटण बंद करून, दिवा गार झाल्यावर, भांड्याच्या साबणाच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने महिन्यातून एकदा पुसायचा. दिवाळीच्या साफसफाईची वाट बघू नका.

भाड्याच्या घरात

इथे भिंतीला हात लावता येत नाही, तरी सावली घालवता येते. बटण असलेली दोन फुटी टी-फाइव्ह ट्यूब घ्या, तिला प्लग लावून घ्या आणि कपाटाखाली दुहेरी चिकटपट्टीने किंवा क्लिपने बसवा. वायर टाइलच्या सांध्याने, गॅसपासून लांब, सॉकेटपर्यंत न्या. कपाटच नसेल तर होल्डरमधला दिवा बदलून बघा: छताच्या होल्डरमध्ये बल्बऐवजी वळवता येणारा होल्डर लावून तोंड ओट्याकडे केलं तरी बराच फरक पडतो. चार्जिंगच्या चुंबकी पट्ट्याही मिळतात, पण रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात त्या चौथ्या दिवशी चार्जरलाच लटकलेल्या दिसतात.

आणि काम पूर्ण झालं म्हणून वायरमनला दुपारी चार वाजता पैसे देऊ नका. दुपारी सगळेच दिवे चांगले दिसतात. त्याला अंधार पडल्यावर बोलवा किंवा शेवटचे पैसे दुसऱ्या दिवशी द्या. रात्री आठला तोच पांढरा कागद ओट्यावर ठेवा, घरातल्या सगळ्यांत बुटक्या आणि सगळ्यांत उंच माणसाला उभं करा, खाली विळीच्या जागीही कागद ठेवून बघा. सावली अजून पडत असेल, तर पट्टी दोन इंच पुढे सरकवायला तेव्हा फक्त चार स्क्रू काढावे लागतात.